बोहेमियन गृहसजावट

बोहेमियन गृहसजावट (बोलण्यात ‘बोहो’) : दुकानातला जुळवलेला संच न मांडता, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि वेगवेगळ्या वेळी जमलेल्या वस्तूंनी घर सजवण्याची सैल पद्धत. जमिनीलगतची बैठक, एकावर एक अंथरलेली कापडे, वेत, ताग आणि माती यांच्या वस्तू, भरपूर कुंड्या, पिवळसर उजेड आणि एकमेकांची पर्वा न करणारे रंग यांवरून ती ओळखू येते.

बोहेमिया हा आजच्या चेकियातला प्रदेश. फ्रान्समध्ये आलेले रोमा भटके तिकडूनच आले, असा फ्रेंचांचा समज होता. म्हणून त्यांना ‘बोहेमियन’ हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात ते पॅरिसच्या कफल्लक लेखक-चित्रकारांना चिकटले. आंरी म्युर्जे या लेखकाने या मंडळींवर लिहिलेल्या कथा १८५१ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि त्यांवरचा संगीतकार पुच्चिनीचा ‘ला बोएम’ हा ऑपेरा १८९६ मध्ये तुरिनला रंगमंचावर आला. पोटमाळ्यावरची थंड खोली आणि थकलेले भाडे, ही या शैलीची जन्मकथा. पुढे १९१६ मध्ये व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट हे चित्रकार इंग्लंडमधील ससेक्सच्या चार्ल्स्टन या शेतघरात राहायला गेले. त्यांनी तिथल्या भिंती, दारे, कपाटे, एवढेच काय, शेकोटीच्या चौकटीही रंगवून काढल्या. ते घर आज संग्रहालय आहे.

भारतात हा शब्द रुळायला हिप्पींचा हातभार लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गोव्यात उतरलेल्या या पाहुण्यांनी हणजूणला (अंजुना) आपापल्या चीजवस्तू विकायला सुरुवात केली. त्यातून तिथला बुधवारचा बाजार उभा राहिला. कच्छी आरसेकाम, राजस्थानी ठशांची चादर आणि तिबेटी घंटा एकाच चटईवर मांडलेल्या दिसाव्यात, तर तिथेच. गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ सुरू होतो तो मुंबईजवळच्या पनवेलला.

पनवेलमध्ये ही शैली नवी म्हणून आली, पण तिचे निम्मे सामान गावात आधीपासून होते. जुने पनवेल तळ्यांचे आणि वाड्यांचे. १८५२ मधली इथली नगरपालिका राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या नगरविकास महामंडळाने नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर वसवले. ओटी, पडवी, माजघर सोडून माणसे दोन खोल्यांच्या सदनिकेत आली, तेव्हा झोपाळा, पाट, फडताळ आणि शिंके यांना जागा उरली नाही. आता तीच मंडळी ‘मॅक्रमे प्लँट हँगर’ घरपोच मागवतात.

शिंके नीट पाहावे. काथ्याच्या किंवा सुताच्या तीन-चार दोऱ्या वर एका कडीला बांधलेल्या, खाली गाठी मारून केलेले जाळे, त्यात दह्यादुधाचे मडके. म्हणीतला बोका ज्याच्या तुटण्याची वाट पाहतो, ते हेच. मडक्याच्या जागी मनीप्लँटची कुंडी ठेवली की मॅक्रमे तयार. गाठी सजावटीच्या झाल्या आणि किंमत वाढली, एवढाच फरक.

गोधडीचे तसेच. विरलेल्या नऊवारीचे दोन पदर वर-खाली, मध्ये जुन्या धोतरांचे आणि चादरींचे थर, कडेपासून आत येणारा धावदोरा. ठिगळाचा रंग ठरतो तो गाठोड्यात काय उरले आहे त्यावरून. बोहोतला ‘पॅचवर्क थ्रो’ रंगांची ही बेपर्वाई आधी आराखडा काढून साधतो. सोफ्याच्या पाठीवर आजीची गोधडी टाकणाऱ्या घराला हा आटापिटा करावा लागत नाही.

भिंतीबाबत मात्र गल्लत होते. पनवेल तालुक्यातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरची जुनी घरे कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप दिलेली. वारली चित्रेही अशाच गेरू फासलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढली जात, पण ती पालघरकडची आणि मुळात लग्नाच्या चौकाची. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्लास्टिकच्या स्टिकरवरचा वारली तारपा-नाच बोहोत सर्रास चालतो, चालू नये.

पनवेलकराला सामानासाठी फार लांब जावे लागत नाही. तालुक्यातच, मुंबई-गोवा रस्त्यावरच्या तारा गावी, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटर या संस्थेचे केंद्र आहे. तिथे ग्रामोद्योगात कुंभारकामही चालते. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरुडाकडची मोठी टोपली उलटी टांगली की दिव्याची शेड होते. धारावीचा कुंभारवाडा आणि जुन्या फर्निचरसाठी मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट या फेऱ्या रविवार गाठून करायच्या असतील, तर आधी चौकशी करावी. भाड्याच्या घरात ही शैली विशेष सोयीची ठरते: भिंतीला खिळा न ठोकता सजलेले घर टेम्पोत भरून दुसरीकडे नेता येते.

पनवेलचा पाऊस मात्र या शैलीचा वैरी. कोरड्या हवेतल्या छायाचित्रांवरून मांडलेला तागाचा गालिचा आषाढात कुबट वास सोडतो, वेतावर पांढरी बुरशी धरते, सुताच्या लटकणींवर काळे ठिपके उमटतात. जाणकार घरात मृग लागताच तागाचे सगळे गुंडाळून माळ्यावर जाते आणि जमिनीवर नुसती चटई उरते. वेताला पावसाळ्याआधी पॉलिशचा हात देतात, कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवतात. उन्हे परतली की घट बसण्याआधी गोधड्या धुवायची जुनी रीत अजून पाळली जाते. त्या आठवड्यात नवीन पनवेलच्या सोसायट्यांच्या गच्चीवर वाळत घातलेले रंग कुठल्याही बोहो दालनापेक्षा जास्त असतात.