सरदारी मंडळांची मानचिन्हे : संग्रह

यूरोपातील गार्टर (१३४८), गोल्डन फ्लीस (१४३०) आदी सरदारी मंडळांच्या तारका, कंठहार व फिती यांचे संकलन. आपल्याकडील चाल निराळी होती : इंदापूर परगणा व आजच्या बारामती तालुक्यातील सुपे हे शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत होते. तेथे मानमरातब प्रकट होई तो सनद, वस्त्रे व शिरपेच यांतून. छातीवर तारका मिरविण्याची चाल हिंदुस्थानात रुजली ती ब्रिटिश सरकारने ‘स्टार ऑफ इंडिया’ (१८६१) व ‘इंडियन एम्पायर’ (१८७८) ही मंडळे स्थापिल्यावर. भोसले कुळाच्या कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेल्या शाहू छत्रपतींस पहिल्याचे सर्वोच्च पद १८९५ मध्ये, दुसऱ्याचे १९११ मध्ये मिळाले, आणि न्यायमूर्ती रानडे व गोपाळ कृष्ण गोखले ‘सी.आय.ई.’ (‘इंडियन एम्पायर’चे कंपॅनियन) झाले.

‘स्टार ऑफ इंडिया’च्या लोलकात गोमेदावर कोरलेली व्हिक्टोरिया राणीची प्रतिमा असून त्या मंडळाची फीत फिकट निळी, पांढऱ्या काठांची आहे. ‘इंडियन एम्पायर’च्या आरंभीच्या चिन्हातील गुलाबाच्या पाकळ्यांवर ‘इंडिया’ची इंग्रजी अक्षरे होती, १८८७ मध्ये ती गेली व चिन्हही लहान झाले, म्हणून जाणता संग्राहक प्रथम पाकळ्याच न्याहाळतो, आणि ते योग्यच आहे. कंठहार धारकाच्या निधनानंतर सरकारजमा करण्याची शर्त असल्याने ते विरळा आढळतात. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंस १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो व त्या खाजगीरीत्या परदेशी धाडता येत नाहीत. चिन्हासोबतची मूळ सनद व पेटी जपणे अगत्याचे आहे, कारण कागदाविना धारकाचे नाव हरपते.