भायखळ्याचा तुरुंग आणि लस

लशीचा विषय निघाला की मला हटकून भायखळ्याचा तुरुंग आठवतो. का ते सांगतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. इथवरची गोष्ट आपल्याला माहीत असते. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, आणि जे कैदी तयार झाले त्यांना ती लस दिली गेली. न टोचलेल्यांत जास्त जण आजारी पडले. लस लागू पडते याचा मोठा पुरावा मिळाला तो असा, तुरुंगात! हाफकिनचं नाव परळच्या संस्थेला लागलं. कैद्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत?

मला छळतो तो शब्द 'तयार झाले'. बाहेरची माणसं प्लेगला भिऊन गावाकडे पळू शकत होती, हजारोंनी पळालीही. आतल्यांना दार बंद. अशा माणसाच्या 'हो'ला कितीसा अर्थ?

तसा कायदा तेव्हाही होता. साथ आली किंवा गर्दी झाली तर कैद्यांची तात्पुरती सोय वेगळी करावी, असं १८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम ७ सांगतं. पण ते सरकारचं काम म्हणून लिहिलेलं. कैद्याला हक्क म्हणून मागता येईल असा आधार मिळाला तो पुढे, राज्यघटनेच्या कलम २१ मधून.

मग कोविड आला. २३ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली गर्दी कमी करण्यासाठी राज्यांना समित्या नेमायला सांगितलं. तरी मे महिन्यात, ८०४ जणांची क्षमता असलेल्या आर्थर रोडमध्ये शंभरावर कैद्यांना लागण झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वरवरा राव यांना आजारपणामुळे सहा महिन्यांचा जामीन दिला. स्टॅन स्वामींना मात्र उशीर झाला. ५ जुलै २०२१ ला त्यांच्या जामिनाची सुनावणी होती, त्याच दिवशी वांद्र्याच्या हॉस्पिटलात ते गेले. वय ८४. खटला उभाच राहिला नव्हता.

आमचे मामा म्हणतात, "गुन्हेगारांचे कसले लाड?" मामा, शिक्षा सुनावताना न्यायाधीश वर्षं सांगतात, आजार सांगत नाहीत. आणि ज्यांना अजून शिक्षाच सुनावलेली नाही, त्यांचं काय?

असो. पुढच्या वेळी लस घेताना दंड चोळत असाल, तेव्हा भायखळ्याची आठवण ठेवा.