सुट्या पानांचा वारसा

जैन परंपरेने ग्रंथाला ज्ञानाचे मूर्त रूप मानले. ताडपत्राच्या काळी पानांना भोक पाडून त्यांतून दोरी ओवीत असत. चौदाव्या शतकापासून कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या कागदावर होऊ लागल्या आणि हळूहळू दोरी लोपली. तिच्या जागी पानाच्या मध्यभागी शोभेचा रंगीत ठिपका तेवढा उरला. पाने शिवली नाहीत, चिकटविली नाहीत. लाकडी पाटल्यांमध्ये ती सुटीच ठेवून बासनात बांधीत आणि कार्तिक शुद्ध ज्ञानपंचमीस बाहेर काढून, झाडून पूजीत.

विसाव्या शतकात अनेक पोथ्यांची पाने विखुरली व तसबिरींत गेली. काही पाने पुठ्ठ्याला कायमची चिकटविली गेली. पानाच्या दोन्ही अंगांना मजकूर असतो. पाठ झाकली की निम्मे ज्ञान बुजते. शिवाय साध्या पुठ्ठ्यातील आम्लाने कागद पिवळा व ठिसूळ होतो.

आजची संग्रहालये आम्लमुक्त पुठ्ठ्यावर कागदाचे चार कोपरखिसे लावून त्यांत पानाची टोके नुसती अडकवितात. खळ खिशाला लागते, पानाला नाही. वर खिडकी कापलेला दुसरा पुठ्ठा असल्याने काच रंगांना टेकत नाही. प्रकाश सुमारे 50 लक्स इतकाच ठेवतात आणि काही महिन्यांनी पान पुन्हा अंधारात विसावते.

पाटली आणि बासन यांमागील विचार हाच होता. ज्या घरी असे पान तसबिरीत असेल, तेथे त्याची पाठ मोकळी आहे ना, हे पाहणे हीसुद्धा ज्ञानपूजाच होय.