उतरवलेले दागिने

ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर सांगून जाते : उद्या पाणीसुद्धा प्यायचं नाही, नेलपेंट पुसायचं, अंगावरचं सगळं काढून घरच्यांकडे द्यायचं. पुण्यातल्या मुलीला या ‘सगळं’मध्ये दोन टॉप्स नि एक चमकी एवढाच हिशेब असतो. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या म्हाताऱ्या माडिया आदिवासी बाईच्या कानात पाळीपासून वरच्या कडेपर्यंत ओळीनं बाळ्या असतात. त्यातल्या काही पितळेच्या, काही गिलटच्या, आणि घातल्यापासून एकदाही न काढलेल्या.

गंमत अशी, की कान टोचण्याचा विधी मुळात शल्यवैद्याच्याच पोथीत आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय त्यालाच वाहिलेला. बाळाला सहाव्या किंवा सातव्या महिन्यात मांडीवर घ्यावं, उन्हात धरल्यावर पाळीतून प्रकाश जिथे आरपार दिसतो तिथेच सुई घालावी. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. मग भोकात कापसाची वात, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड वात. हेतू दोन सांगितले आहेत : रक्षण आणि भूषण. त्याच अध्यायात फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकारही आहेत, यावरून जड कर्णभूषणांनी तेव्हाही किती कान फाटत असतील याचा अंदाज बांधता येतो. पुढे हे काम मराठी मुलखात सोनाराकडे गेलं, आणि वातीच्या जागी कडुनिंबाची काडी आली.

ज्या दागिन्यानं रक्षण व्हायचं, तोच ऐन संकटाच्या वेळी काढा असं आधुनिक दवाखाना सांगतो. आणि मराठी मुलखात बाईच्या अंगावरचे दागिने उतरणं हे तर वैधव्याचं चिन्ह. मग एखादी बाई ते काढायला कचरली तर तिला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

गडचिरोलीत दवाखान्याच्या रीतिरिवाजांकडे लोक कसे पाहतात, याचा अनुभव तिथल्या ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेला चांगलाच आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली ही संस्था सुरू केली. आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते असं विचारल्यावर एक उत्तर पांढऱ्या कपड्यांचं निघालं : आम्ही पांढऱ्यात प्रेत गुंडाळतो, पांढऱ्यातली माणसं जीव कसा वाचवणार? पुढे संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना गावातल्या झोपड्यांच्या धर्तीवर बांधला गेला आणि त्याला आदिवासींच्या माँ दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. कपड्यांबद्दल जे विचारलं गेलं, ते दागिन्यांबद्दलही विचारण्यासारखं आहे.

कारण दागिने काढण्याची सक्ती काही फार जुनी नाही. तिच्यामागचं सर्वांत गाजलेलं कारण तर शंभर वर्षांचं आहे. 1 ऑक्टोबर 1926 रोजी बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांनी बनवलेलं विजेचं यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलं. ऊती कापायच्या आणि रक्तस्राव तिथल्या तिथे थांबवायचा, असं ते कॉटरी यंत्र. वीज टोकातून शरीरात शिरते आणि अंगाला चिकटवलेल्या पट्टीतून बाहेर जाते. जुन्या यंत्रांत ती पट्टी नीट बसली नाही, तर वीज दुसरी वाट शोधायची. टेबलाला टेकलेली धातूची बाळी ही तशीच एक वाट, आणि तिथे कातडी भाजायची. नव्या यंत्रांत हा धोका बराच घटला आहे. सूचना मात्र तशीच राहिली.

अर्थात हे कारण वीज असेल तिथलंच. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडजवळच्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, तेव्हा तिथे वीजच नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी झाडाखाली, कंदिलाच्या उजेडात रुग्ण तपासले, जखमा शिवल्या. तिथे कॉटरीचा प्रश्नच नव्हता.

विजेशिवायही लागू पडणारी कारणं जास्त भक्कम आहेत. पूर्ण भूल देताना घशात नळी घालावी लागते, कधी नाकातून. ओठातली किंवा जिभेवरची कडी त्यात अडकते, निसटून श्वासनलिकेत जाऊ शकते. नाकातली चमकी चेहऱ्यावरच्या मास्कखाली रुतते. गुंगीतल्या माणसाला स्ट्रेचरवरून उचलताना बाळी चादरीत अडकली तर पाळी फाटते. बोटं सुजली तर अंगठी कापावी लागू शकते. एक्स-रेत धातूची सावली पडते. एमआरआयचं चुंबक लोखंड ओढतं. सोन्या-चांदीला ते ओढत नाही, पण बाजारातल्या मुलाम्याखाली काय आहे हे कोण सांगणार?

काढावं कधी, हा व्यवहाराचा भाग. वर्षानुवर्षांचं पाळीचं भोक दोन-चार दिवसांत सहसा बुजत नाही. नवं भोक मात्र काही तासांतही आखडू लागतं, म्हणून डॉक्टरांना विचारून त्यात धागा किंवा प्लास्टिकची काडी ठेवतात. ऑपरेशन ठरलेलं असेल तर नवं टोचून घेणं पुढे ढकलावं. कानाच्या वरच्या कडेच्या कूर्चेतलं भोक भरून यायला महिने लागतात. पिकलेल्या भोकातली बाळी आपल्या मनानं उपटू नये, तोंड मिटून पू आत कोंडू शकतो. रुतलेली चमकी घरीच साबणाच्या पाण्यानं सैल करून निघाली तर बरं, ऑपरेशन थिएटरच्या दारात घाई होते. काढलेल्या वस्तू मोजून, लिहून नातेवाइकाच्या हाती द्याव्यात. जिची सारी मिळकत अंगावरच आहे, तिला कॉटरीपेक्षा त्या कागदाची काळजी अधिक असते.

आता हीच सूचना परीक्षेच्या दारातही आली आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला बसणाऱ्या मुलीला कानातलं आणि नाकातलं बाहेरच ठेवावं लागतं, तिथलं कारण कॉपीचं. रूढीचा पोशाख किंवा श्रद्धेच्या वस्तू घालून येणाऱ्यांनी तपासणीसाठी लवकर पोचावं, अशी सोय त्या नियमांत आहे. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र न निघणाऱ्या अंगठीला फार तर चिकटपट्टी लावतात.