बूच, दादरा आणि एक बुडबुडा

आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. घरी वाइन करणारा माणूस आपल्या काचेच्या बरणीच्या तोंडावर काय बसवतो? ठोस बूच, की मधे भोक असलेलं बूच आणि त्या भोकात खोचलेला एअरलॉक, की नुसतं फडकं? दुकानात हा किरकोळ खरेदीचा मामला आहे. पण या किरकोळ निवडीमागे दीडशे वर्षांचा एक वाद दडलेला आहे. हवा ही किण्वनाची आई की वैरीण, हा तो वाद. तो नीट समजला नाही तर वाइनचा शिरका होतो, किंवा बाटली फुटून काच डोळ्यात जाते. त्यामुळे विषय लहान असला तरी बिनमहत्त्वाचा नाही.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासून करू. आपल्याकडे बरणीचं तोंड झाकायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात. तरुण मंडळींसाठी सांगतो, दादरा म्हणजे बरणीच्या तोंडावर ताणून बांधलेलं फडकं. त्यातून हवा जाते-येते, माशी आणि धूळ अडते. लोणच्यावर तेलाचा थर राहील असं बघतात, तो हवा अडवतो. आणि बाटलीला बूच मारतात, तेव्हा येणं-जाणं दोन्ही बंद. म्हणजे उघडं आणि बंद या दोन अवस्था आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत. वाइनला मात्र तिसरी अवस्था लागते : आतलं बाहेर जावं, बाहेरचं आत येऊ नये.

आतलं बाहेर का जायला हवं? द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा साखरेचं मद्यार्क होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. लाव्हाझिएनं १७८९च्या आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात या क्रियेचा तराजूवर जमाखर्च मांडला. त्यानंतर १८१५मध्ये गे-ल्युसॅकनं जे प्रमाण दिलं, ते जवळपास तसंच आजही शिकवतात : साखरेच्या वजनातला अर्ध्याहून थोडा जास्त भाग मद्यार्क, उरलेला वायू. आता हिशेब करा. इंग्लंडमधल्या घरगुती वाइनची नेहमीची बरणी एक गॅलनची, म्हणजे साडेचार लिटरची. लिटरमागे २०० ग्रॅम साखर धरली तर बरणीत ९०० ग्रॅम साखर झाली. ती सगळी आंबली तर साधारण २४० लिटर वायू निघतो. साडेचार लिटरच्या भांड्यातून २४० लिटर! त्यावर ठोस बूच दाबून बसवलं तर एक तर बूच छताला लागेल, नाही तर बरणी फुटेल. नवी वाइन जुन्या कातडी बुधल्यात भरू नये, हा बायबलमधला दृष्टान्त याच अनुभवातून आलेला आहे. शॅम्पेनच्या तळघरांत तर बाटल्या फुटणं नित्याचं होतं, कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून फिरत. १८३७च्या सुमारास फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्यानं बाटलीत भरताना वाइनमध्ये किती साखर आहे हे मोजायची रीत दिली, तेव्हा कुठे ते फुटणं आटोक्यात येऊ लागलं.

मग उघडंच का ठेवू नये? कारण मद्यार्क तयार झालं आणि वर मोकळी हवा असली, की एक वेगळा जंतू पृष्ठभागावर साय धरतो आणि मद्यार्काचं ॲसिटिक आम्ल करतो. म्हणजे शिरका.

इथपर्यंत व्यवहार झाला. आता खरा वाद. १८१०मध्ये निकोला अपेर यानं अन्न बाटलीत घालून, बूच मारून, उकळून टिकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याला फ्रेंच सरकारनं १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. अन्न टिकत होतं, पण का टिकतं हे त्याला सांगता येत नव्हतं. गे-ल्युसॅकनं त्या बाटल्यांतली हवा तपासली, तर तिच्यात प्राणवायू नव्हता. मग त्यानं पाऱ्याखाली, हवेचा स्पर्श होऊ न देता द्राक्षं चिरडली. रस आंबला नाही. त्यात थोडा प्राणवायू सोडला आणि आंबला. निष्कर्ष काढला : किण्वन सुरू करतो तो प्राणवायू.

आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत हा अन्वय-व्यतिरेक झाला. प्राणवायू असेल तर किण्वन आहे, नसेल तर नाही. वरवर चोख. पण नैयायिक इथे थांबत नाहीत, ते विचारतात, यात काही उपाधी तर नाही ना? त्यांचं नेहमीचं उदाहरण घ्या. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण ही उपाधी. हवेबरोबर आणखी काही गुपचूप आत येत असेल तर?

१८३७मध्ये श्वान, कान्यार द ला तूर आणि क्युत्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलं की यीस्ट हा सजीव आहे. श्वाननं हवा तापवून आत सोडली, तेव्हा उकळलेला मांसरस कुजला नाही. म्हणजे प्राणवायू होता, तरी कुजणं नाही. पण विरोधक म्हणाले, तापवून तुम्ही हवेतला जीवच काढून घेतलात. हा आक्षेप चुकीचा असेल, पण मूर्खपणाचा नव्हता. त्याला उत्तर हवं होतं.

ते पाश्चरनं दिलं. १८६०च्या आसपास त्यानं बदकाच्या मानेसारख्या वळलेल्या नळीचे चंबू वापरले. नळीचं टोक उघडं. हवा आत-बाहेर मोकळी, न तापवलेली, साधी. फक्त धूळ त्या वळणात अडकून बसायची. चंबूतला उकळलेला रस स्वच्छ राहिला. मान मोडली, की काही दिवसांत गढूळ. उपाधी सापडली : हवा नव्हे, हवेतली धूळ आणि तिच्यावर बसून आलेले जीव. पुढे पाश्चर आणखी एक पाऊल गेला आणि किण्वन म्हणजे हवेवाचून चाललेलं जगणं आहे असं म्हणाला. वाइनवरचा त्याचा ग्रंथ १८६६चा, बीअरवरचा १८७६चा.

एअरलॉक पाश्चरनं शोधला असं मात्र मी म्हणत नाही, बरं का. तोंडाभोवती पाण्याची पन्हळ असलेली भाज्या आंबवायची बरणी चीनमध्ये फार जुनी आहे. त्या पन्हळीत वाडगा पालथा घालतात, आतला वायू पाण्यातून बुडबुडत निघतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. हात आधी शिकतात, कारण नंतर कळतं. पाश्चरमुळे ते कारण कळलं.

आता १९५३ साल घ्या. त्या वर्षी ब्रिटनमधलं साखरेचं रेशनिंग संपलं. साखर मिळू लागल्यावर लोक घरोघरी वाइन करू लागले, एल्डरबेरीची, बीटाची, अगदी डँडेलियनच्या फुलांची. १९५४मध्ये अँडोव्हर गावात हौशी वाइनवाल्यांचं मंडळ निघालं, ते अशा पहिल्या मंडळांपैकी एक. त्यातल्या सी. जे. जे. बेरी यांचं ‘फर्स्ट स्टेप्स इन वाइनमेकिंग’ १९६०मध्ये आलं. गॅलनची बरणी, रबरी बूच आणि बुडबुडणारा काचेचा एअरलॉक हे मध्यमवर्गीय घरातलं चित्र झालं.

आणि याच १९५३-५४मध्ये अँड्रियासन आणि स्टिअर या दोघांनी दाखवलं की हवा पूर्ण तोडली तर यीस्टची वाढ खुंटते. यीस्टला आपलं आवरण घडवायला अर्गोस्टेरॉल आणि काही मेदाम्लं लागतात, आणि ती बनवायला थोडा प्राणवायू लागतो. ते पदार्थ बाहेरून दिले तर हवेवाचून वाढ होते. म्हणजे गे-ल्युसॅकचं अनुमान सदोष होतं, पण त्याच्या हाताला काही तरी खरंही लागलं होतं. प्राणवायू किण्वन करत नाही, मात्र ते करणाऱ्याला सुरुवातीला शिदोरी देतो.

म्हणून ‘आई की वैरीण’ या प्रश्नाचं उत्तर आहे : कधी, त्यावर अवलंबून. तोंड झाकण्याची निवड म्हणजे वेळेची निवड. पहिले काही दिवस, जोराचा फेस असताना, रुंद भांडं आणि वर दादरा. रोज ढवळायचं, यीस्टला हवा मिळू द्यायची. सुटणाऱ्या वायूचं पांघरूण रसावर असतंच. जोर ओसरला की रस अरुंद तोंडाच्या बरणीत, जवळजवळ गळ्यापर्यंत, आणि वर एअरलॉक. ठोस बूच सगळ्यात शेवटी.

भोकाचं बूच निवडताना तोंडाचं माप घेऊन जा. निमुळतं बूच थोडं आत गेलं आणि बरंचसं वर राहिलं, तर माप बरोबर. पूर्ण आत जात असेल तर एक दिवस ते वाइनमध्ये पडेल. बसवताना बूच आणि काच दोन्ही कोरडी असावीत, ओलं बूच घसरून वर येतं. खरं बूच ओकच्या एका जातीच्या सालीचं, पोर्तुगालकडचं. साल पहिल्यांदा काढायला झाड साधारण २५ वर्षांचं व्हावं लागतं, पुढे दर ९ वर्षांनी काढतात. आपल्या पुण्यातलं बुचाचं झाड वेगळं, त्याच्या सालीचं बूच हलक्या प्रतीचं. पण अस्सल सालीच्याही छिद्रांत जंतू दडतात, साफ करणं अवघड. रबर लवचीक, पण त्याला वास असतो. सिलिकॉनला वास नाही आणि ते उकळता येतं.

एअरलॉक मुख्यतः दोन घाटांचे. एक इंग्रजी एस आकाराची नळी, दुसरा तीन सुट्या भागांचा. दोघांचं तत्त्व न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपचंच : वळणात पाणी उभं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. ट्रॅप सुकला की वास येतो, तसंच एअरलॉकमधलं पाणी उडालं की पहारा संपला. रात्री गारठा पडला तर बरणीतला वायू आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. ३० अंशांवरून २० अंशांवर आलं तर सुमारे तिसावा हिस्सा. एस आकारात हवा उलटी बुडबुडत आत येते, पाणी बहुधा जागेवर राहतं. तीन भागांच्यात पाणीच आत जाऊ शकतं, म्हणून काही जण त्यात व्होडका घालतात. पण तीन भागांचा उघडून घासता येतो, एसमध्ये फेस चढून वाळला तर तो निघत नाही. म्हणून फेसाच्या दिवसांत तीन भागांचा, शांत महिन्यांत एस, असं करणारे बरेच आहेत.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. बुडबुडे थांबले, म्हणून किण्वन संपलं, असं लोक अनुमान करतात आणि वाइन बाटलीत भरून बूच मारतात. न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात, म्हणजे जे लिंग साध्य नसतानाही दिसतं. बुडबुडे थंडीनं यीस्ट मंदावल्यामुळे थांबतात. बूच गळकं असेल तर वायू बाजूनं निघून जातो, बुडबुडा दिसतच नाही. उलट दुपारच्या उन्हानं संपलेल्या वाइनमधूनही बुडबुडे येतात. असं अनुमान कागदावर चुकलं तर गुण जातात. इथे चुकलं तर साखर शिल्लक असलेली वाइन बंद काचेत वायू साठवत बसते आणि उन्हाळ्यात फुटते. म्हणून बुडबुड्याला साक्षीदार माना, न्यायाधीश मानू नका. हायड्रोमीटर टाका. बरणी थंड जागी नसताना, काही दिवसांच्या अंतरानं घेतलेला आकडा तोच आणि तळाचा आला, तरच ठोस बूच हातात घ्या.

एक खुलासा करून थांबतो. आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य करता येत नाही. तेव्हा इथे बसलेल्यांनी हे व्याख्यान इतिहास आणि तर्क म्हणून ऐकावं. लोणच्याच्या बरणीवर मात्र यातलं बरंच काही आजच तपासून बघता येईल. आता तुमचे प्रश्न घेऊ.