डबलसीट बंगळुरू: दुचाकीच्या सुरक्षिततेचा इतिहास

बंगळुरूत दुचाकी सुरक्षितपणे चालवण्याची अडचण शहराच्या घडणीतूनच उभी राहिली. केम्पेगौडांनी 1537 मध्ये वसवलेल्या जुन्या भागाला ‘पेटे’ म्हणतात. मराठीतली पेठ ती हीच. चिकपेट, बळेपेट, अव्हेन्यू रोड हे रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी आणि बैलगाड्यांसाठी आखलेले होते. 1638 नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हाही वस्तीचा गाभा हाच होता. 1809 पासून इंग्रजांनी पूर्वेला लष्करी छावणी उभारली आणि तिथे रुंद, झाडांच्या सावलीचे रस्ते केले. 1949 मध्ये पेटे आणि छावणी एकाच महापालिकेखाली आल्या, पण रस्त्यांचा स्वभाव बदलला नाही. मोकळ्या रस्त्यावर वेग धरलेल्या स्वाराला काही मिनिटांतच माणसे, हातगाड्या आणि रिक्षांनी भरलेल्या बोळात शिरावे लागते.

सुरुवातीला दुचाक्याच थोड्या होत्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये येथे विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. 1948 मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, 1953 मध्ये एचएमटी आणि 1954 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सरकारी उद्योग आले. त्यांचे कामगार मुख्यतः सायकलने आणि बसने ये-जा करत. मोटारसायकल तेव्हा मोजक्यांकडेच असे: 1955 पासून मद्रासमध्ये तयार होणारी एनफिल्ड किंवा 1961 पासून शेजारच्या म्हैसूरमध्ये तयार होऊ लागलेली जावा. पुण्याच्या बजाज स्कूटरसाठी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे.

चित्र बदलले ते 1980 नंतर. बंगळुरूपासून सुमारे 40 किलोमीटरवरच्या होसूरमध्ये 1980 मध्ये टीव्हीएस 50 ही मोपेड तयार होऊ लागली आणि 1984 मध्ये तिथूनच इंड-सुझुकी बाहेर पडली. पाठोपाठ हिरो होंडाची सीडी 100 आली. कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर कापणारी गाडी पहिल्यांदाच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस 1983 मध्ये बंगळुरूला गेली. पुढच्या दोन दशकांत इलेक्ट्रॉनिक सिटी, व्हाइटफिल्ड आणि बाह्य वळण रस्ता येथे लाखो नोकऱ्या तयार झाल्या. कामाची ठिकाणे शहराच्या कडेला आणि घरे दुसऱ्या टोकाला, अशी विभागणी झाली. मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर 2011 मध्ये सुरू झाला. तोवर नोकरदाराला बस किंवा स्वतःची दुचाकी एवढाच पर्याय होता. 1951 मध्ये 8 लाखांच्या आत असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 84 लाखांवर गेली. आज शहरातील नोंदणीकृत वाहनांनी एक कोटीचा आकडा ओलांडला असून त्यांतील सुमारे दोन तृतीयांश दुचाक्या आहेत.

दुचाक्या वाढत होत्या त्या काळात सुरक्षितता म्हणजे चालवणाऱ्याचे कसब, अशीच समजूत होती. नियमांनी मात्र गाडीच्या बांधणीकडेही लक्ष दिले. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायची मूठ आणि पाय टेकायची सोय असावी लागते. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षणही सक्तीचे आहे. त्यालाच लोक साडी गार्ड म्हणतात. पाय एकाच बाजूला टाकून बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकाच्या आऱ्यांत गुंतली, तर ती क्षणात खाली खेचली जाते. हा अपघात भारतीय रस्त्यांवर इतका ओळखीचा होता, की त्यासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद करावी लागली. डबलसीट जाणाऱ्या कुटुंबाचा विचार करणारी ही पहिल्या काही तरतुदींपैकी एक.

डोक्याच्या संरक्षणाचे शास्त्र मात्र इंग्लंडमधून आले. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे 1935 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यानंतर केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास हाती घेतला आणि 1941 मध्ये हेल्मेटचे महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. हेल्मेटचे काम साधे आहे. बाहेरचे कठीण कवच आघात पसरवते आणि आतला थर्माकोलसारखा जाड थर चुरगळून तो शोषून घेतो. एकदा चुरगळलेला थर पुन्हा उभा राहत नाही, म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे लागते. हनुवटीखालचा पट्टा लावलेला नसेल, तर पडताना डोके रस्त्यावर टेकण्याआधीच हेल्मेट निघून जाते. फक्त पोलिसांना दिसावे म्हणून डोक्यावर ठेवलेल्या, पट्टा लोंबकळणाऱ्या हेल्मेटचा उपयोग होत नाही, तो याच कारणाने.

भारतात हेल्मेटचा प्रश्न आधी न्यायालयात गेला. आंध्र प्रदेशातील हेल्मेटचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये वैध ठरवला. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 ने दुचाकीस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले आणि पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट दिली. कायदा जुलै 1989 पासून लागू झाला, पण अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली राहिली. बंगळुरूत चालकांसाठी ती गांभीर्याने सुरू झाली 2006 च्या अखेरीस. उकाडा होतो, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, हे आक्षेप मराठी वाचकांना परके नाहीत. पुण्यात ‘हेल्मेटसक्ती’ या शब्दातच विरोध भरलेला असे आणि त्या विरोधासाठी कृती समित्याही स्थापन झाल्या.

बंगळुरूत सक्तीच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा निम्हान्समधून आला. मानसिक आरोग्य आणि मज्जासंस्था यांवर काम करणारी ही संस्था 1974 मध्ये आजच्या रूपात उभी राहिली, आणि डोक्याला मार लागलेले दूरदूरचे रुग्ण तिथेच आणले जात. साथरोगतज्ज्ञ डॉ. जी. गुरुराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या: कोण पडले, कुठे पडले, डोक्यावर काय होते. मेंदूला इजा झालेल्यांत तरुण दुचाकीस्वारांचा वाटा फार मोठा असल्याचे त्यांतून पुढे आले, आणि अपघात हा नशिबाचा भाग न राहता आरोग्याचा प्रश्न ठरला. जगभरच्या अभ्यासांचा 2008 मध्ये घेतलेला आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे 69 टक्क्यांनी घटतो.

तरीही मागे बसणारा माणूस बराच काळ दुर्लक्षित राहिला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीच्या आग्रहानंतर कर्नाटकाने जानेवारी 2016 पासून मागच्या सीटवरही हेल्मेट सक्तीचे केले. मागे बसणाऱ्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या हातात हँडल नसते, पुढचा खड्डा दिसत नाही, ब्रेक लागणार हेही आधी कळत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरक्षिततेची दुसरी बाजू उघडी पडली. गावी मतदान करून मोटारसायकलने बंगळुरूकडे परतणाऱ्या हरीश नावाच्या तरुणाला नेलमंगलाजवळ ट्रकने चिरडले. शरीराचे दोन तुकडे झाले असतानाही तो मदतीसाठी हाका मारत होता आणि अवयव दान करा, असे सांगत होता. डोक्यावर हेल्मेट होते. त्याचे डोळे शाबूत राहिले आणि दान करता आले. मार्च 2016 मध्ये राज्य सरकारने त्याच्या नावाने ‘मुख्यमंत्री सांत्वन हरीश योजना’ सुरू केली. अपघातग्रस्ताला पहिल्या 48 तासांत 25 हजार रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळावेत, हा तिचा हेतू होता. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने बघ्यांनी मागे सरू नये, म्हणून मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदाही कर्नाटकाने केला. कोंडीतून वाट काढण्यासाठी मोटारसायकलवरील रुग्णवाहिका 2015 मध्येच सुरू झाल्या होत्या. ज्या वाहनाने जखमी व्हायचे, तेच आता मदतीला सर्वांत आधी पोचू लागले.

पुढच्या सुधारणा वाहनात आणि रस्त्यावर झाल्या. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा दिवसाही पेटता राहू लागला. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. पहिल्या पावसाने तेलकट झालेल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला, तरी त्यामुळे चाक जाम होऊन गाडी घसरत नाही. 2019 च्या दुरुस्तीने हेल्मेट नसल्यास 1,000 रुपये दंड आणि 3 महिने परवाना अपात्र अशी तरतूद केली. जून 2021 पासून आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट विकण्यास मनाई झाली. फेब्रुवारी 2023 पासून 4 वर्षांखालील मुलांना चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आली. ऑगस्ट 2023 पासून बंगळुरू–म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर दुचाक्यांना बंदी झाली, कारण 100 च्या वेगाने धावणाऱ्या मोटारींच्या रांगेत दुचाकीचा टिकाव लागत नाही.

शहरातल्या मिश्र वाहतुकीत जपून चालवण्याच्या सवयीही या अनुभवातूनच रुजल्या. बस आणि ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचे नाही, कारण चालकाला तिकडचे दिसत नाही. पाणी साचलेल्या जागी खड्डा आहे असेच धरून चालायचे. सिग्नल हिरवा झाला तरी राँग साइडने कोणी येत नाही ना, हे पाहून मगच क्लच सोडायचा. मात्र स्वाराच्या दक्षतेला मर्यादा आहे. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या 50,029 जणांचा रस्ते अपघातात मृत्यू झाला. त्यांतील 14,337 जण मागे बसलेले होते. हेल्मेट डोके वाचवते. अपघात टाळायचा तर खड्डे बुजवावे लागतात, दिवे लावावे लागतात, उलट्या दिशेची वाहने थांबवावी लागतात. ही जबाबदारी एकट्या स्वाराची नाही, हे मान्य करायला बंगळुरूला चार दशके लागली.