जरा बोलता येईल का?

फ्रेंच शिकायला लागलं की पहिल्या वर्षीच फोनवरचं संभाषण पाठ करावं लागतं. पलीकडून 'आलो' आलं की आपण म्हणायचं, "बॉन्जूर, पुरे-ज पार्ले आ मादाम अमुक, सिल व्हू प्ले?" म्हणजे, नमस्कार, अमुक बाईंशी बोलता येईल का? खरी मेख त्या 'पुरे-ज'मध्ये. सरळ 'मला बोलायचंय' असं नाही, जरा अंग चोरून विचारायचं. 'येईल का' म्हणताना आपण करतो तसंच.

मी हे कौतुकाने मावशीला म्हणून दाखवलं. मावशी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. ती म्हणाली, "छान आहे गं. पण मधल्या बाईला काय म्हणायचं?"

झालं! मी वाचायला बसले.

फ्रेंचमध्ये 'त्यु' म्हणजे तू आणि 'व्हू' म्हणजे तुम्ही. राज्यक्रांतीच्या ऐन भरात, ऑक्टोबर १७९३ मध्ये, काही मंडळी नॅशनल कन्व्हेन्शनपुढे अर्ज घेऊन गेली: सगळ्यांनी सगळ्यांना 'त्यु'च म्हणावं. सर्वनाम एक झालं की माणसं सारखी होतील, हा भाबडा पण मोठा विचार. कायदा काही झाला नाही. सरकारी पत्रांत मात्र 'त्यु' शिरला आणि काही वर्षांत मागे हटलाही. 'व्हू' परत आला तो आलाच.

पुढे टेलिफोन आला. १८८९ मध्ये फ्रेंच सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला. पॅरिसच्या एक्स्चेंजमध्ये मुली ओळीने बसायच्या, कानाला यंत्र, हातात प्लग. लोक त्यांना 'टेलिफोनच्या कुमारिका' म्हणत. नंबर सांगायचा तो त्यांना, आणि लागला नाही तर रागवायचं तेही त्यांच्यावरच. १९०४ मध्ये सिल्व्हियाक नावाच्या नटीने वैतागून या मुलींना गुराखिणींची उपमा दिली. मुली सरकारी नोकर, म्हणून नटीवर अपमानाचा खटला भरला गेला! पॅरिसभर चर्चा झाली, आणि शेवटी नटी निर्दोष सुटली.

मला वाटतं, १७९३ च्या लोकांची गफलत इथे कळते. सर्वनाम कुठलंही वापरा, ज्याच्याशी आपल्याला बोलायचंय त्याच्यासाठी आपण गोड वाक्य जपून ठेवतो. मधल्या माणसाला उरतो तो फक्त नंबर आणि चिडचिड.

१९२८ मध्ये पॅरिसला पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं आणि हळूहळू मधली बाईच नाहीशी झाली. यंत्रावर कोण रागावणार? (आपण रागावतो म्हणा.)

मावशीला हे सगळं सांगितलं. नटी सुटल्याचं ऐकून ती नुसतं "हं" म्हणाली. मग म्हणाली, "आम्हाला लोक 'लावा' म्हणायचे. 'लवकर लावा.' एकदा एका गृहस्थांनी बोलणं झाल्यावर 'ताई, आवाज स्पष्ट आला हो' म्हणून सांगितलं. रात्रपाळी होती."

किती वर्षांपूर्वीची गोष्ट! पण पाळीसकट लक्षात आहे तिच्या.

असो. परवा एका ऑफिसात फोन केला, तर पलीकडे स्विचबोर्डवरची मुलगी होती. साहेबांचं नाव सांगायच्या आधी मी तिला "नमस्कार" म्हटलं. ती क्षणभर गप्पच झाली.